सोनोग्राफीत अपेंडिक्स 'दिसले नाही', म्हणजे धोका टळला का?

मुंबई-गोवा महामार्गावरील पाली (ता. रत्नागिरी) येथून रत्नागिरी शहर सुमारे 20 किलोमीटर आहे. उजव्या बाजूला पोट दुखणाऱ्या माणसाला घेऊन घरचे शहरात जातात, सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर लिहिलेले असते, 'अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड'. अनेक जण याचा अर्थ 'काही नाही' असा घेतात आणि घरी परततात. हा अर्थ चुकीचा आहे. त्याचा खरा अर्थ एवढाच, की तपासणीत अपेंडिक्स दिसले नाही.

अपेंडिक्सला सूज का येते?
अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली ही बोटासारखी बारीक नळी. तिचे तोंड कडक झालेल्या मळाच्या खड्याने किंवा इतर कारणाने बंद झाले, की आत दाब वाढतो, जंतू वाढतात आणि सूज येते. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकते. सोबत मळमळ, उलटी, भूक न लागणे, ताप अशी लक्षणे असू शकतात.

सोनोग्राफीत काय पाहतात?
1986 मध्ये नेदरलँड्समधील डॉ. ज्युलियन पुयलार्ट यांनी यासाठी एक पद्धत मांडली. पोटावर प्रोब हळूहळू दाबत नेला, की मधल्या आतड्यांतील हवा बाजूला सरते. निरोगी अपेंडिक्स दाबाने चपटे होते, सुजलेले होत नाही. त्याची जाडी 6 मिलिमीटरपेक्षा जास्त असणे, आजूबाजूची चरबी सुजलेली दिसणे, आत खडा असणे आणि नेमके तिथे दाबल्यावर दुखणे, या महत्त्वाच्या खुणा आहेत.

या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो. म्हणून लहान मुले आणि गर्भवतींमध्ये आधी सोनोग्राफीच करतात. मुतखडा, अंडाशयाला पडलेला पीळ किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भ अशी दुखण्याची इतर कारणेही तिच्यात सापडू शकतात.

मग अपेंडिक्स दिसत का नाही?
आतड्यात वायू भरलेला असेल, पोटावर चरबी जास्त असेल किंवा अपेंडिक्स आतड्याच्या मागे दडलेले असेल, तर ते दिसत नाही. तपासणाऱ्याचा अनुभवही महत्त्वाचा असतो. म्हणून डॉक्टर केवळ रिपोर्टवर निर्णय घेत नाहीत. हाताने पोट तपासणे, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि लक्षणांचा क्रम हे सगळे एकत्र पाहतात. शंका उरली तर काही तास देखरेखीखाली ठेवून पुन्हा तपासतात किंवा सीटी स्कॅन करतात. गर्भवतींसाठी एमआरआयचा पर्याय असतो.

घरी पाठवले तर काय लक्षात ठेवावे?
- दुखणे वाढले, ताप चढला, उलट्या थांबत नसल्या किंवा पोट कडक झाले, तर लगेच परत जावे. सकाळची वाट पाहू नये.
- जोराचे दुखणे अचानक कमी झाले, तरी निर्धास्त होऊ नये. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ आराम वाटतो. नंतर संसर्ग पोटभर पसरू शकतो.
- एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नये. पोट शेकू नये.
- घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, 'पुन्हा कधी दाखवायचे?'

दवाखाना लांब असेल, तर या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रिपोर्टइतकेच मोलाचे ठरते.