पुरुषी गंधाचा पूर्वेतिहास

मीरा रोडच्या बाजारात सुगंधाच्या दुकानापुढे उभे राहिले की बाटल्यांचे दोन पक्ष पडलेले दिसतात. फुलांचा वास बायकांचा. चंदन, अगरू, लवंग, जायफळ यांचा लाकडी, तिखट वास पुरुषांचा. ही वाटणी अनादी आहे अशा समजुतीने आपण बाटली उचलतो. आपला इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही.

महाराष्ट्रात गंधाचा धंदा फार जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कार्ले येथील चैत्यगृहाचे एक द्वार धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दान दिले, असे तेथील लेख सांगतो. या धंद्यामागे एक शास्त्र होते. त्याचे नाव गंधयुक्ती. वात्स्यायनाने ती चौसष्ट कलांत गणली आणि त्या कला स्त्रियांनीही शिकाव्यात असे सांगितले. सहाव्या शतकात वराहमिहिराने तर गणितच मांडले: सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली, तर मिश्रणे होतात १८२०!

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (इ. स. ११२९) राजाचे वीस उपभोग वर्णिले आहेत. त्यांत चंदनादिकांचे विलेपन आहे, धूप आहे आणि फुलांची माळही आहे. फुले धारण केल्याने राजाच्या पौरुषास उणेपणा येतो, असे कोणास वाटले नाही. पुढे अत्तर आले. त्याच्या जुन्या रीतीत फुलांची वाफ चंदनतेलातच मुरवतात. म्हणजे ‘बायकी’ फूल आणि ‘पुरुषी’ लाकूड एकाच कुपीत नांदतात. दरबारात अत्तर-गुलाब लावला जाई तो पुरुषांनाच.

आजची वाटणी दृढ केली ती एकोणिसाव्या शतकापासूनच्या युरोपीय व्यापाराने. तिचे आपल्याला एवढे अगत्य का? कारण स्वतःचे शास्त्र आपण विसरलो. ‘गंधवाद’ या संस्कृत ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ च्या सुमारास तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ती छापून निघाली १९८९ साली, आणि तीही बडोद्यास.

ज्या भाषेत गंधाचे पाठ लिहिले गेले, त्या भाषेच्या लोकांनी आपल्या आवडीनिवडी बाटलीवरच्या चिठ्ठीला विचाराव्यात काय? आवडला तर पुरुषाने मोगरा लावावा, स्त्रीने चंदन लावावे. जुन्या गांधिकाला त्यात नवल वाटले नसते.