विंचवाचे विष आणि एक गोळी

भीती वाटली की छातीत धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात. हे काम अनुकंपी, म्हणजेच सिंपथेटिक चेतासंस्थेचे. तिच्या चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन सुटते. ही रसायने पेशींवरील ग्राहींना चिकटली की परिणाम दिसतो. हे ग्राही दोन प्रकारचे असावेत, असे अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडले. अल्फा ग्राहींमुळे रक्तवाहिन्या आकसतात, बीटा ग्राहींमुळे हृदय वेगाने व जोराने चालते. मग यांपैकी एकच प्रकार अडवणारी औषधेही तयार झाली.

या ज्ञानाचा मोठा उपयोग आपल्या कोकणात झाला. 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आमच्या पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आज यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हाच्या बिरवाडीत अशी सोय कुठली? लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि लहान मुले तिथे येत, आणि त्यांतली काही फुप्फुसांत पाणी भरून दगावत. बावस्करांनी रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या: ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब. ही निरीक्षणे 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

ही लक्षणे पुन्हा वाचा. भीतीचीच नाहीत का? फक्त आवरता न येणारी. विंचवाच्या विषामुळे चेतापेशींतील सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत. चेतातंतू संदेश पाठवत राहतात आणि रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या घट्ट आकसतात, त्या विरोधात रक्त ढकलताना हृदय थकते, आणि फुप्फुसांत पाणी साचते.

इथे वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे: हृदय धडधडते म्हणून बीटा ग्राही अडवले तर? हृदयाचा जोर कमी होईल, पण रक्तवाहिन्या आकसलेल्याच राहतील. म्हणजे ओझे तेवढेच आणि बैल अशक्त! अडवायला हवेत ते अल्फा ग्राही. प्राझोसिन नेमके तेच करते. उच्च रक्तदाबासाठी आलेली ही गोळी तोंडाने घेता येते, म्हणून खेड्यातही देता येते. विंचूदंशावरील तिच्या वापराविषयी डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच लिहिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आले.

प्राझोसिन विष नष्ट करत नाही, विषाने उठवलेले वादळ थोपवते. विष निकामी करते ती प्रतिविष लस. महाडलाच 70 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन्ही एकत्र दिलेल्यांपैकी 91 टक्के रुग्ण 10 तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्यांपैकी 23 टक्के.

मुलांना एवढे जरूर सांगावे: विंचू चावल्यावर घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. वेळेवर पोचणे मात्र आपल्या हाती आहे.