टर्बाइनची गाडी आणि तप्त वायूंचा प्रश्न

१९५९च्या सुमारास जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' हे लष्करी ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये तेथेच वाहन निर्माणी उभी राहिली. ट्रकमधले इंजिन मात्र पिस्टनचे, डिझेलवर चालणारेच राहिले. त्याच दशकात परदेशी कारखाने विमानाचे टर्बाइन मोटारीत बसवू पाहत होते. तो प्रयत्न इंधनाच्या उधळपट्टीमुळे फसला असे म्हणतात. ते खरेच; पण ही उधळपट्टी आणि मागून बाहेर पडणारा तप्त झोत ही एकाच दुखण्याची दोन नावे होत.

पिस्टनच्या इंजिनात वाया जाणारी उष्णता काही रेडिएटरमधून, काही एक्झॉस्टमधून जाते. टर्बाइनला रेडिएटर नसतो; जवळपास सारी उष्णता एक्झॉस्टवाटेच बाहेर पडते. शिवाय ज्वलनाला लागते त्याच्या कितीतरी पट हवा टर्बाइनमधून वाहते. त्यामुळे प्रश्न तापमानापेक्षा वायूंच्या राशीचा असतो. १९५०च्या रोव्हर 'जेट-१'ने तो सरळ टाळला: झोत शेपटीच्या वरच्या बाजूने आकाशाकडे सोडला.

क्रायस्लरने १९६३ पासून पन्नास टर्बाइन गाड्या २०३ कुटुंबांना आळीपाळीने वापरायला दिल्या, तेव्हा असे टाळून भागणार नव्हते. मागे दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. त्यांनी दोन रिजनरेटर बसवले. हे बारीक छिद्रांचे, संथ फिरणारे चक्र. त्याचा एक भाग तप्त वायूत तापतो आणि फिरून आत येणाऱ्या दाबलेल्या हवेला ती उष्णता देतो. झोत निवतो, इंधनही वाचते. १९६५ मध्ये ल मान्सच्या शर्यतीत उतरलेल्या रोव्हर-बीआरएमने हेच काम सिरॅमिक चक्रांकडून करून घेतले. मात्र चक्राच्या कडांतून हवा गळते, आणि वजन व किंमत वाढते ती वेगळीच.

हायब्रिड गाडीत हे कोडे अर्धे सुटते. १९९२च्या व्होल्वोच्या प्रायोगिक गाडीत टर्बाइन जनित्र फिरवून वीज पुरवीत असे आणि चाके विजेवर फिरत. त्यामुळे टर्बाइनला चाकांच्या वेगामागे धावावे लागत नाही; त्याला सोयीच्या गतीवर ठेवता येते. पण आता शेजारी बॅटरी येते, आणि उष्णता हा बॅटरीचा वैरी. म्हणजे झोत निववायचा, त्याची वाट बॅटरीपासून दूर राखायची आणि तेही आटोपशीर जागेत.

टाटा समूहाने २००८ मध्ये घेतलेल्या जॅग्वारने २०१० मध्ये पॅरिसला 'सी-एक्स ७५' दाखवली: चार विद्युत मोटारी आणि आसनांमागे ७० किलोवॅटची दोन सूक्ष्म टर्बाइने, मिनिटाला ८०,००० फेरे घेणारी. २०११ मध्ये उत्पादनाची घोषणा झाली तेव्हा त्यांची जागा १.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाने घेतली होती. २०१२च्या अखेरीस तोही बेत रद्द झाला.

त्या छोट्या इंजिनावर टर्बोचार्जर होता, म्हणजे एक्झॉस्टच्याच झोतावर फिरणारे चिमुकले टर्बाइन. जबलपूरला ज्या जातीची वाहने बनतात, त्या जड डिझेल ट्रकांवर तो आज सर्रास दिसतो.