खाली शोक, वर वाद्ये

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीचे महापरिनिर्वाण शिल्प आहे. पहुडलेल्या बुद्धांच्या खाली शिष्य शोक करतात; वर देवगण आनंदाने वाद्ये वाजवतात. मृत्यू एकच, पण मागे राहिलेल्यांना तो वियोग, वरच्यांना उत्सव. शिल्पकाराने कोणालाच खोटे ठरवलेले नाही.

याच लेण्याच्या व्हरांड्यात पाचव्या शतकातील शिलालेख आहे. अश्मकांचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ लेणे अर्पण करताना भिक्षू बुद्धभद्र त्याच्याशी असलेली जन्मोजन्मीची मैत्री सांगतो. जन्मांच्या फेऱ्यातून सुटणे हे भिक्षूचे ध्येय. मित्र आठवताना मात्र तोच फेरा त्याला मैत्रीचे माप वाटला. मला वाटते, परलोकाला आकार देते ते मागे उरलेल्याचे नाते.