क्रोनॉस क्वार्टेट
समकालीन संगीत वाजवणारा अमेरिकेतील चार तंतुवादकांचा वृंद. दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो अशी त्याची घडण. व्हिएतनाम युद्धाच्या छायेत जॉर्ज क्रम यांनी रचलेली ‘ब्लॅक एंजल्स’ (१९७०) ऐकून भारावलेल्या व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ मध्ये सिअ‍ॅटल येथे तो स्थापन केला. १९७८ पासून मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोत. ‘ब्लॅक एंजल्स’मध्ये वादकांना पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवरही गज फिरवावा लागतो. स्टीव्ह राइख यांची ‘डिफरंट ट्रेन्स’ (१९८८) ही वृंदाची सर्वांत मोलाची कामगिरी म्हणावी लागेल. अमेरिकेतला रेल्वेप्रवास आणि नाझी छळछावण्यांकडे माणसे वाहून नेणाऱ्या गाड्या यांच्या आठवणी तीत ध्वनिमुद्रित आवाजांत ऐकू येतात; त्या बोलण्यातलाच चढउतार तंतुवाद्ये सुरांत उचलतात. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम (२००५) वृंदाने आशा भोसले यांच्यासह केला. तबल्यावर झाकिर हुसेन होते. वृंदासाठी हजारावर रचना व रूपांतरे लिहिली गेली आहेत. ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ उपक्रमातील ५० रचनांची स्वरलेखने तरुण वादकांसाठी विनामूल्य उपलब्ध आहेत.