पठारावरील शाळा आणि खालचे गुरुजी

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळांचा इतिहास पाहूं जातां एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. परदेशी वळणाची शाळा म्हणजे काल-परवांची उपज, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु आमच्याकडे ती बहुजनांच्या शाळेहूनही जुनी आहे. पांचगणीच्या पठारावर सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ सालीं सुरू झालें. तें चालविणाऱ्या भगिनींच्या संघाचें मूळ घर बेल्जममधील लिएज शहरीं. मागोमाग १८९८ सालीं किमिन्स, १९०४ सालीं सेंट पीटर्स आणि १९०८ सालीं बिलिमोरिया या शाळा निघाल्या. मुंबईकडील मुलें वाठार स्टेशनावर उतरून घाट चढत; पुढें समुद्रापलीकडूनही येऊं लागलीं. पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगप्रसिद्ध झालेला झांजीबारचा फारुख बलसारा याच सेंट पीटर्समध्यें १९५५ च्या सुमारास दाखल झाला. त्या काळीं अशा शाळांच्या परीक्षेचे कागद केंब्रिजहून बोटीनें येत आणि उत्तरें लिहून परत तिकडेच जात. ‘आंतरराष्ट्रीय शाळा’ हा शब्द तेव्हां कोणाच्या तोंडीं नव्हता, हें मात्र येथें सांगून ठेवितों.

पठाराच्या खालीं निराळेंच काम चाललें होतें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्याच वर्षीं सांगली व मिरज यांच्या मध्यें विलिंग्डन कॉलेज उभें राहिलें. १९२४ सालीं भाऊरावांनीं आपलें काम सातारा शहरीं आणिलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं, आणि शिक्षणाचा खर्च अंगमेहनतीनें भागवूं लागलीं. १९३५ सालीं त्यांनीं खेड्यांतील शिक्षक तयार करण्यासाठीं ट्रेनिंग कॉलेज काढिलें आणि त्यास ‘सिल्व्हर ज्युबिली’ हें नांव दिलें. ज्युबिलीच्या आनंदांत असलेल्या आमच्या वाचकांस तें विशेष गोड लागेल.

या कॉलेजांतून शिकून निघालेल्या गुरुजींची वाट खेड्याकडे जाई, पठाराकडे क्वचितच. आडवी येई ती इंग्रजी भाषा, आणि तिच्याहून अधिक आडवी येई ती परीक्षा. ज्यानें स्वतः मराठी शाळेंतून फायनल दिली, त्यानें केंब्रिजच्या परीक्षेची तयारी कोणत्या भरंवशावर करून घ्यावी? एकाच जिल्ह्यांत, एकाच कृष्णेच्या खोऱ्यांत, दोन शिक्षकवर्ग पन्नास वर्षें शेजारीं नांदले, आणि एकमेकांस ओळखते झाले नाहींत. आमच्या मतें ही त्या काळाची मोठीच हानि होय.

जगांत मात्र वारें फिरत होतें. भाऊराव साताऱ्यास आले त्याच १९२४ सालीं राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. नाना देशांच्या मुलांस एकच परीक्षा असावी या विचारानें त्याच शहरीं १९६८ सालीं इंटरनॅशनल बॅकलॉरेट संस्था स्थापन झाली, आणि १९७६ सालीं कोडाईकनालच्या शाळेनें ती परीक्षा भारतांत प्रथम आणिली. इकडे १९५८ सालीं केंब्रिजच्या जागीं भारतीय मंडळ आलें होतें. अशा रीतीनें दार किलकिलें झालें.

तरी आमचे गुरुजी लगेच निघाले नाहींत, आणि त्यास कारण होतें. १९७७ च्या कायद्यानें खाजगी शाळेंतील शिक्षकास नोकरीचें संरक्षण दिलें. अनुदानित शाळेंतील जागा म्हणजे घरची भाकरी होती. ती भाकरी पुढें पातळ होत गेली. २००० सालीं शिक्षणसेवक ही पद्धत आली. तीन वर्षें मानधनावर काढावयाचीं. २००१ पासून नव्या शाळांस ‘कायम विनाअनुदानित’ हा शिक्का बसूं लागला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन बंद झालें. मे २०१२ मध्यें भरतीच थांबली. माध्यमिक शिक्षणसेवकाचें मानधन ८,००० रुपयांवरून १८,००० झालें तें २०२३ सालीं. बी. एड्. झालेला तरुण मग पुणें, मुंबई आणि आखाती देशांकडे पाहूं लागला, यांत त्याचा लोभ शोधणारे लोक आम्हांस आवडत नाहींत.

नव्या शाळेंत त्यास प्रथम अडखळवितें तें पाठ्यपुस्तक. नव्हे, त्याचा अभाव. बालभारतीच्या पुस्तकावर वाढलेल्या शिक्षकास धडा क्रमानें शिकविण्याची संवय. तेथें उद्दिष्ट तेवढें हातीं मिळतें; धडा त्यानें स्वतः रचावा. अठरा वर्षांचा विद्यार्थी चार हजार शब्दांचा प्रबंध लिहितो आणि शिक्षकानें सांगण्याऐवजीं विचारीत राहावें अशी अपेक्षा असते. आमच्या खेड्यांतील बहुशिक्षकी नव्हे, एकशिक्षकी शाळेंत चार इयत्ता एकाच खोलींत सांभाळलेले गुरुजी हें लवकर शिकतात, असें आमचें निरीक्षण आहे. पुस्तकावांचून शिकविणें त्यांस नवें नसतें.

आणखी एक दार २०२० सालीं उघडलें. त्या वर्षींच्या कायद्यानें राज्यांतील सर्व मंडळांच्या शाळांत, आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांतही, मराठी शिकविणें सक्तीचें झालें. इंग्रजीमुळें ज्यांस पठाराबाहेर राहावें लागलें, त्यांच्या नातवंडांस त्यांच्याच भाषेनें आंत नेलें!

परतीची वाट मात्र बिकट आहे. अनुदानित सेवेचा राजीनामा दिला कीं मागील सेवेचा हक्क जातो. परदेशांतील करार बहुधा दोन वर्षांचा, आणि तो संपल्यावर गांवच्या शाळेंत यावयाचें तर पुन्हां परीक्षा, पुन्हां मानधन. त्यामुळें बाहेर मिळविलेली विद्या खेड्यांतील वर्गांत उतरत नाहीं. भाऊरावांच्या जिल्ह्यांत तरी संस्थांनीं अशा शिक्षकासाठीं दोन वर्षें जागा राखून ठेवण्याचा विचार करावयास हवा. आमच्याकडे वर्तणुकीचा दाखला मागण्यास येणारीं शिक्षक मुलेंमुली बहुधा पासपोर्टाची प्रत बरोबर आणितात, आणि दाखल्यावर सही होतां होतां विचारतात, “फादर, परत आल्यावर इथं जागा मिळेल का हो?”