फितीवरून तबकडीवर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी, महजर, पत्रव्यवहार व जमाखर्च हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ह्या मालिकेंत लग्नमुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी बसवूं पाहणारास कोणी हंसेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटल्या वीस वर्षांत महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांनीं आपल्याविषयीं जें कांहीं नोंदवून ठेविलें, त्यांतील फार मोठा भाग ह्याच फितींवर आहे. पत्रें लिहिण्याचा प्रघात मंदावला. रोजनिशी लिहिणारे मुळांतच थोडे. मात्र मुलीचें लग्न, वास्तुशांत, आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन ह्यांच्या चित्रफिती घरोघर निघाल्या. पुढें ह्या फिती डीव्हीडी नांवाच्या तबकडीवर उतरविण्यांत आल्या. हें उतरविणें कसें होतें, त्यांत काय टिकतें व काय गळतें, ह्याचा विचार आपण सर्वस्वीं दुकानदारावर सोंपविला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच कीं, रूपांतर ही नुसती यांत्रिक क्रिया नसून ती निवड आहे. आणि ती निवड कोणीं व कोणत्या धोरणानें केली हें पाहिल्यावांचून मूळ फीत टाकून देणें हा अविचार होय.

आपल्याकडील चलच्चित्राच्या आरंभींच अशा एका घरगुती वाटणाऱ्या आनंदाची नोंद आहे. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्यें हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती टिपली. पुढें केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ मध्यें स्वदेशीं परतले, तेव्हांच्या त्यांच्या स्वागताचेंही त्यांनीं चित्रण केलें. कर्तबगार मुलगा परदेशाहून परत आला व त्याला पाहावयास माणसें जमलीं, एवढाच त्या चित्राचा विषय. आज विमानतळावर प्रत्येक कुटुंब जें टिपतें तेंच. तें चित्र आज आपल्याला पाहावयास मिळत नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही असे, आणि तिची काळजी घेणारी संस्था देशांत नव्हती. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ मध्यें. आणि अशा संस्थेच्या ताब्यांतील नायट्रेट रिळेंही २००३ च्या जानेवारींत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. जतन करणाऱ्या संस्थेची ही कथा, मग घरांतल्या कपाटाची काय सांगावी?

हौशी माणसासाठीं आठ मिलिमीटरची फीत १९३२ मध्यें व सुपर-आठची फीत १९६५ मध्यें निघाली खरी, परंतु हा खर्च आपल्याकडे मोजक्याच सधन घरांना झेपणारा होता. व्हिडिओनें हा हिशेबच बदलला. जपानच्या जेव्हीसी कंपनीनें १९७६ मध्यें व्हीएचएस पद्धतीची कॅसेट बाजारांत आणली. आपल्याकडे १९८२ मध्यें एशियाडच्या निमित्तानें रंगीत दूरदर्शन आलें, आणि त्याच्या पाठोपाठ व्हिडिओ तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचला. सुपर-आठच्या एका रिळांत तीन मिनिटें वीस सेकंदांचें चित्रण मावे. व्हीएचएसची नेहमींची कॅसेट तीन तास चाले. तीनच मिनिटें हातांत असलीं म्हणजे माणूस अंतरपाट दूर होतांना व हार घालतांना टिपतो आणि थांबतो. तीन तास असले कीं जानवशांतली धांवपळ, वाढप्यांची लगबग, ओट्यावर एकटीच जाऊन बसलेली आजी, हें सारें आपोआप फितींत येतें. कॅमेरावाल्याच्या मनांत तें नोंदावयाचें होतें असें नाहीं. इतिहासाला उपयोगी पडणारें साधन पुष्कळदां असेंच, लिहिणाराच्या ध्यानींमनीं नसतां तयार होतें. देवस्थानच्या वहींतील तेलाची नोंद कारकुनानें हिशेबासाठीं केलेली असते. दोनशें वर्षांनीं ती आपल्याला त्या काळचा भाव सांगते.

बारामती व इंदापूर ह्या शेजारच्या दोन तालुक्यांकडे पाहिलें म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें आणि इंदापूर तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें जुनें पळसनाथाचें मंदिर त्यांतलेंच. उन्हाळ्यांत धरणाचें पाणी फार उतरलें म्हणजे तें वर दिसूं लागतें व लोक मुद्दाम पाहावयास जातात. देऊळ दगडाचें म्हणून टिकलें. परंतु त्याच्या भोंवतालचा बाजार, वेशींतली बैठक, नदीवरचीं धुणीं ह्यांचें चलच्चित्र घरोघर असण्याचा संभवच नव्हता. कारण घरगुती व्हिडिओ ह्या भागांत आला तो गांव बुडाल्यानंतर. अवघ्या दोनचार वर्षांचा हा चुकामूक झालेला योग!

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीची गोष्ट ह्याच्या उलट आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. परंतु बारामतीच्या वसाहतीची मोठी वाढ व्हिडिओच्या डोळ्यांदेखत झाली. पियाजिओचा तीनचाकी गाड्यांचा कारखाना १९९९ च्या सुमारास तेथें सुरू झाला, म्हणजे घरगुती कॅमेरा रुळून पुरतीं पंधरा वर्षें होऊन गेल्यावर. शेताचा भूखंड व भूखंडाची शेड होत असतांना ज्या घरांत कार्यें झालीं, त्यांच्या फितींत वऱ्हाडाच्या पाठीमागें जुना माळ, बैलगाडी, भिगवण रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या हीं अभावितपणें उरलीं असण्याचा पूर्ण संभव आहे. कारखान्याच्या अहवालांत भांडवल व उत्पादन सांपडेल. मांडवाला कोणत्या झाडाचे डहाळे बांधले होते आणि पंगतींत कोण कोणाच्या शेजारीं बसलें, हें त्यांत सांपडणार नाहीं. तें पाहावयाचें तर ह्या फितींतच, आणि तेंही चित्राच्या मध्यभागीं नव्हे, कडेला व मागें.

आतां रूपांतराकडे वळूं. डीव्हीडीचें स्वरूप १९९५ मध्यें ठरलें व १९९६ च्या अखेरीस जपानांत तीं यंत्रें विक्रीस आलीं. तत्पूर्वीं १९९३ पासून व्हीसीडी होती. परंतु तिचें चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचें, म्हणजे डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याचें. फितीवर चित्र असतें तें चुंबकत्वाच्या सलग चढउताराच्या रूपानें. तबकडीवर तें आंकड्यांच्या रूपानें असतें. म्हणून पहिली पायरी म्हणजे फीत वाजवून तिचे आंकडे करणें. ह्या कामांत घाई चालत नाहीं. तीन तासांची फीत उतरावयास तीन तासच लागतात. फीत जुनी असेल तर तिच्यावरील रेषांचा काळ क्षणोक्षणीं डळमळतो, आणि तो सांवरण्यासाठीं टाइम बेस करेक्टर नांवाचें यंत्र मध्यें घालावें लागतें. तें नसलें व संगणकानें मधलीं चित्रें गाळलीं, तर आवाज व ओठ ह्यांची हळूहळू फारकत होत जाते.

दुसरी पायरी चित्राच्या बांधणीची. आपल्या पाल पद्धतींत सेकंदाला २५ चित्रें असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्धांनीं लिहिलेलें असतें; आधीं एकाआड एक रेषा, मागाहून उरलेल्या. ह्या ५० अर्धांचा क्रम रूपांतरांत उलटा पडला कीं वधू मांडवांत धक्के खात चालूं लागते. अमेरिकेची एनटीएससी पद्धति सेकंदाला सुमारें ३० चित्रांची. म्हणून न्यू जर्सीहून आलेली नातवाच्या बारशाची फीत इंदापुरांतल्या साध्या यंत्रावर धड लागत नसे. अशी फीत आपल्या पद्धतींत आणतांना चित्रांची संख्याच बदलावी लागते.

तिसरी पायरी संक्षेपाची, आणि खरी मेख येथेंच आहे. डीव्ही पद्धतीनें तासाभराचें चित्रण संगणकांत सुमारें १३ गिगाबाइट जागा घेतें. साध्या डीव्हीडीवर जागा असते ४.७ गिगाबाइट. दोन तासांचें कार्य एका तबकडीवर बसवावयाचें म्हणजे २६ पैकीं २१ गिगाबाइट गाळणें आलें. हें काम एमपेग-२ नांवाच्या गणितानें होतें. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र स्वतंत्रपणें लिहावयाचें. मधल्या चित्रांत काय बदललें तेवढेंच नोंदावयाचें. आणि जें बारीक, गर्दीचें व डोळ्यांत चटकन न भरणारें, तें ढोबळ करून टाकावयाचें. परिणाम असा होतो कीं, नवरानवरींचे चेहरे स्वच्छ राहतात, पण अक्षतांचा पाऊस पडूं लागला कीं चित्राचे चौकोन होतात, आणि मागच्या पाटीवरचीं अक्षरें विरघळून जातात. जुन्या फितीवरची खरखर हीही ह्या गणिताला हालचालच वाटते व पुष्कळशी जागा तिच्यावर खर्ची पडते. इतिहासाला जें पाहिजे होतें तेंच, म्हणजे मागचें व कडेचें, सर्वांआधीं गळतें.

शेवटची पायरी माणसाच्या हातची. डीव्हीडीला अनुक्रमणिका लागते. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी अशीं प्रकरणें पाडावीं लागतात. तीं पाडतांना दुकानांतला कुशल कारागीर कंटाळवाणा भाग कापतो, कडेच्या फाटक्या रेषा झांकतो, आणि पुष्कळदां मूळ आवाज पुसून त्या जागीं एखादें लोकप्रिय चित्रपटगीत घालतो. त्याचा ह्यांत दोष नाहीं. गिऱ्हाइकाला हेंच रुचतें. परंतु हळद दळतांना जात्याशीं बसलेल्या आत्याबाईंनीं म्हटलेली ओवी त्या गाण्याखालीं कायमची गेली, तर ती कोठून आणावयाची? त्यांच्या चेहऱ्याचें छायाचित्र दुसरें मिळेल; त्यांचा आवाज बहुधा त्या एकाच फितीवर होता.

हा प्रश्न आम्हां मराठी माणसांस नवा नाहीं. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं आपली अफाट काव्यरचना केली व जेथें १७९४ मध्यें त्यांचा देह पडला, तेथून त्यांची कविता आपल्यापर्यंत आली ती पोथ्यांवरून पोथ्या उतरविणाऱ्या हातांनीं, आणि पुढें एकोणिसाव्या शतकांतल्या छापखान्यांनीं. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद मोडींतून बालबोधींत आले तेही असेच. मोडी लिहिणारे ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नसत व शब्द तोडून लिहीत नसत. म्हणजे बालबोध करणारास पदोपदीं स्वतःच निर्णय करावा लागे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला, आणि १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. कागद छापून झाला म्हणून मूळ रुमाल बंबांत घालावा, असें ह्या परंपरेंतल्या कोणा अभ्यासकाच्या स्वप्नांतही आलें नाहीं. अस्सल तें अस्सल व नक्कल ती नक्कल, हा विवेक आमच्या संशोधनाचा पाया आहे. घरच्या फितींविषयीं मात्र नक्कल हातीं पडतांच अस्सल रद्दींत जातें.

आणि ही नक्कल तरी किती टिकाऊ? घरीं लिहिल्या जाणाऱ्या डीव्हीडीवरील लेखन रंगद्रव्याच्या पातळ थरांत असतें. ऊन, उष्णता व दमट हवा ह्यांनीं तो थर बिघडतो. यंत्रांचीही तीच कथा. व्हीएचएसचीं यंत्रें करणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनें २०१६ मध्यें तें काम थांबविलें. कोऱ्या तबकड्या करणाऱ्या आपल्याकडील मोझर बेअर कंपनीच्या विसर्जनाचा हुकूम २०१८ मध्यें झाला. सोनीनें कोऱ्या ब्लू-रे तबकड्या व मिनीडीव्ही कॅसेटी करणें २०२५ मध्यें बंद केलें. नव्या संगणकांत तबकडी घालावयाची फटही बहुधा नसते. म्हणजे जी तबकडी आपण फितीचा वारस समजलों, तीच आतां दुसऱ्या वारसाची वाट पाहत आहे. आणि तबकडीवरून पुन्हां संक्षेप केला, तर नकलेची नक्कल होऊन उरलेंसुरलेंही विरेल.

ह्यावरून आमच्या वाचकांनीं करावयाचें तें अवघड नाहीं. फीत अजून घरांत असेल तर ती टाकूं नये. कोरड्या जागीं, चुंबकापासून दूर, उभी ठेवावी. तिला बुरशी आली असेल तर ती स्वच्छ करून घेतल्यावांचून यंत्रांत घालूं नये. उतरवून घ्यावयाची झाल्यास दुकानदारास स्पष्ट सांगावें कीं, आरंभापासून शेवटपर्यंत, कांहीं न कापतां, मूळ आवाजासह, संक्षेप शक्य तितका थोडा ठेवून एक प्रत द्या. ती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, दोन निरनिराळ्या घरीं असावी. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं गाणीं घातलेली सुबक डीव्हीडी खुशाल निराळी करावी. पण ती शोभेची प्रत समजावी, दप्तर समजूं नये.

ह्याहूनही एक काम निकडीचें आहे, आणि त्याला यंत्र लागत नाहीं. घरांतील वडील माणसांस जवळ बसवून ती फीत सावकाश दाखवावी व वहींत लिहून घ्यावें: हें कोण, हे कोणाचे कोण, हें घर कोठलें, ही ओवी कोणी शिकविली. मोडी पत्राला तारीख व नांवें नसलीं म्हणजे संशोधकाचा जीव कसा मेटाकुटीस येतो, हें आम्ही जवळून पाहिलें आहे. १९८५ सालच्या मांडवांत जीं माणसें पन्नाशीचीं होतीं, त्यांतलीं आज जीं उरलीं तीं नव्वदीपुढें गेलीं आहेत. चित्र पुढच्या पिढीला कोणीही उतरवून देईल. नांवें सांगणारीं माणसें तेव्हां नसतील. म्हणून आधीं वही, मग तबकडी, हा क्रम प्रत्येक घरानें धरावा अशी आमची विनंती आहे.